सप्त्याच्या वहीतला तोटा

2016 च्या हरिनाम सप्त्यात 1 लाख 84 हजारांची उधारी मी वहीत लिहिलीच नाही. नंतर ती गोष्ट बाहेर आली, बऱ्याच जणांना कळाली, पण मी स्वतःच्या तोंडानं कधीच कुणाला नीट सांगितली नाही, कुणी विषय काढला की मी उठून जायचो. आज लिहून काढतोय.

मी परभणीच्या मोंढ्यात आडतीच्या दुकानावर मुनीम आहे. बावीस वर्षं झाली, तूर, सोयाबीन, हरभरा, कापसाच्या चिठ्ठ्या, कीर्द, खतावणी, रोजमेळ हेच माझं आयुष्य. 2009 ला वडील गेले, मागं सोसायटीचं कर्ज आणि भावकीतली वाटणीची भांडणं ठेवून गेले. त्या दिवसांत आमच्या महाराजांची ओळख झाली. ते गंगाखेडच्या बाजूचे, जनाबाईच्या गावाकडचे, छोटीशी संस्था आहे, पंचवीस-तीस लेकरं मृदंग, गायन, पाठांतर शिकायला असतात. वडिलांच्या दहाव्याला ते न बोलावता आमच्या घरी आले, आईजवळ खाली बसले, अर्धी भाकरी आणि पिठलं खाल्लं, एक शब्द उपदेशाचा बोलले नाहीत आणि निघून गेले. मला तेव्हा जे वाटलं ते आजही तसंच आहे. हे आधी सांगतोय कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की हा महाराजांविरुद्ध लिहायलाय, तर तसं काही नाही, माझं त्यांच्यावर प्रेम आहे आणि म्हणूनच हे लिहिणं जड जातंय.

वारकऱ्यांत एक पद्धत आहे जी मला सगळ्यात जास्त आवडते, आपण एकमेकांच्या पाया पडतो. म्हातारा पोराच्या पाया पडतो, कीर्तनकार उभं राहायच्या आधी वीणेकऱ्याच्या पाया पडतो, मग तो वीणेकरी सालगडी का असेना. सगळेच माऊली. सुरुवातीला आमच्याकडं असंच होतं. मग हळूहळू, कुणी ठरवलं नाही, पण पाया पडणं एकाच बाजूनं व्हायला लागलं. आधी सतरंजीवर बसायचे ते खुर्ची आली, खुर्चीवर मखमल आली, पाद्यपूजा सुरू झाली. फ्लेक्सवर आधी नुसतं ह.भ.प. असायचं, मग कीर्तनकेसरी, मग परमपूज्य, त्याच्यापुढं अजून दोन. ते फ्लेक्सचे मजकूर मी लिहायचो. एक वर्षी एक बिरुद लिहायचं राहिलं तर महाराज काही बोलले नाहीत, पण दिवसभर माझ्याशी नीट बोललेच नाहीत, आणि मी पुढच्या वर्षी दोन जास्तीची घातली.

आणि आमची आपसातली भांडणं. गुरुबंधू म्हणायचे एकमेकांना, पण गाडीत पुढच्या सीटवर कोण बसणार, पंचा कुणाच्या खांद्यावर असणार, महाराजांचा फोन कोण उचलणार यावरून दोन जणांचं सहा महिने बोलणं बंद होतं. मी इतक्या वर्षांत आमच्यातलं एकही भांडण देवावरून झालेलं बघितलं नाही. सगळी भांडणं महाराजांपासून किती हातावर आपली बसायची जागा, याची. मीही त्यात होतो, चांगला पुढं होतो.

आमच्यात एक मृदंगी होते, सगळे त्यांना आबा म्हणायचे. कीर्तनात महाराजांचं एखादं चरण चुकलं, पुढचं मागं झालं, तर आम्ही सगळे माना डोलवायचो आणि आबा कीर्तन झाल्यावर पाणी पिता पिता सगळ्यांसमोर सांगायचे, महाराज आज तिसरं चरण चुकलं तुमचं. महाराजांचा चेहरा उतरायचा. आम्हाला आबांचा लई राग यायचा, वाटायचं याला गुरु म्हणजे काय ते कळतच नाही, गर्व झालाय हाताचा. मी स्वतः दोनदा महाराजांच्या कानावर घातलं होतं की आबांना जरा लांब ठेवा.

मला महाराज कीर्तनात एक नाव द्यायचे. जनार्दनस्वामींकडं देवगिरीवर नाथबाबा हिशेब ठेवायचे ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, एका पैची चूक सापडेना म्हणून रात्र-रात्र दिव्यापाशी बसले आणि सापडली तेव्हा आनंदानं टाळी वाजवली, त्या टाळीनं स्वामी जागे झाले. ही गोष्ट सांगून झाली की महाराज माझ्याकडं हात करायचे आणि म्हणायचे, आमच्याकडंही एक हिशेबवाला आहे, एका पैची चूक ठेवत नाही. हजार-दोन हजार माणसं वळून माझ्याकडं बघायची. बायको एकदा म्हणाली, तुम्ही त्या वेळी खाली बघता पण तुमचे कान लाल होतात. शिष्य गुरुची स्तुती करतो तेवढंच आपल्याला दिसतं, गुरु शिष्याची करतो ते दिसत नाही, आणि मला तर आज वाटतं की ती जास्त खोल जाते, कारण तिला आपण आशीर्वाद समजतो.

तर 2016. मराठवाड्यातल्या माणसाला त्या उन्हाळ्याचं काही सांगायला नको. मिरजेहून रेल्वेनं पाणी लातूरला आणलं, 12 एप्रिलला पहाटे पहिली गाडी पोचली, साधारण 5 लाख लिटर. त्याच आठवड्यात आमचा सप्ता, रामनवमी ते हनुमान जयंती, 15 ते 22 एप्रिल. गावाला टँकर एक दिवसाआड, तोही कधी येईल सांगता येत नव्हतं. पट्टी, म्हणजे गावाची वर्गणी, नेहमीच्या निम्मी पण जमली नाही, लोकांकडं होतंच काय. आबा म्हणाले, यंदा पंगत बंद ठेवू, नुसतं नामस्मरण करू, खिचडी वाटू शेवटच्या दिवशी. आम्ही म्हणालो, महाराजांच्या सप्त्याची पंगत बंद पडली असं लोक म्हणतील. महाराजांनी काहीच ठरवलं नाही खरं तर, ते माझ्याकडं बघून म्हणाले, कसं जमतंय रे? मी म्हणालो, माऊली, तुम्ही काळजी करू नका.

पंगतीसाठी पाण्याचा टँकर आम्ही वेगळा, पैसे देऊन आणला. तिसऱ्या दिवशी खालच्या वस्तीतली एक आत्या मंडपात आली, हातात रिकामी घागर. प्रवचन चालू होतं. ती मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "महाराज, आमच्या गल्लीला चार दिस झाले पाणी न्हाई, अन् हितं भांडे घासायला टँकर लावायलेत, हे कामून?" एवढंच. आरडाओरडा नाही काही नाही. मी आणि अजून दोघं उठलो, तिला दंडाला धरून बाहेर नेलं. मी तिला म्हणालो की तुला लाज वाटत नाही का, महाराज बोलायलेत अन् मधी तोंड घालतीस. ती घागर घेऊन गेली. महाराज दोन मिनिटं गप्प बसले आणि मग प्रवचन पुढं चालू केलं. मला वाटलं त्यांना त्रास झाला, आपण चांगलं केलं.

किराणा मी माझ्या ओळखीवर मोंढ्यातून उचलला, डाळ, साखर, तेल, पोळ्यांसाठी गहू. दुकानदाराला माझा शब्द पुरेसा होता. 22 तारखेला काल्याच्या कीर्तनाआधी महाराजांनी विचारलं हिशेब काय म्हणतो. माझ्याकडं दोन आकडे होते, एक जमा-खर्चाचा जो वहीत होता आणि एक उधारीचा जो माझ्या खिशातल्या चिठ्ठ्यांवर होता. मी म्हणालो, "माऊली, विठ्ठलाच्या कृपेनं पुरून उरलं."

मला खोटं बोलायचं नव्हतं हो. मला फक्त त्यांचा चेहरा उतरलेला बघायचा नव्हता आणि मला तो हात परत एकदा माझ्याकडं केलेला बघायचा होता.

मग त्याच काल्याच्या कीर्तनात महाराज म्हणाले की बघा, एवढा दुष्काळ, अर्धी पट्टी, अन् विठ्ठलानं हजारोंची पंगत पुरून उरवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हाताऱ्या बायांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिथून पुढं ती गोष्ट प्रत्येक गावात. पाथरीला, सेलूला, जिंतूरला, माजलगावच्या बाजूला, जिथं कीर्तन तिथं दुष्काळात पुरून उरलेली पंगत. दरवेळी गोष्ट थोडी वाढायची, एका गावात मी ऐकलं की डाळीचं पोतं उघडलं की भरलेलंच दिसायचं. मी टाळ धरून मागं उभा असायचो. माझ्या खिशातल्या चिठ्ठ्यांचा चमत्कार झाला होता आणि तो मला थांबवता येईना. त्या चमत्काराच्या जोरावर महाराजांनी नवीन सभामंडपाची घोषणा करून टाकली.

आबांना माहीत होतं. पोती त्यांच्याच ट्रॅक्टरनं आली होती. श्रावणात एका कीर्तनानंतर ते सरळ म्हणाले, "महाराज, पोतं भरलेलं दिसत नव्हतं, ते मीच आणून टाकायलो होतो, अन् ते उधारीचं हाय, याला विचारा." महाराजांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, आबांचा काहीतरी गैरसमज झालाय. मग सगळे आबांवर तुटून पडले, गुरुद्रोही म्हणाले, तुझ्या पोटात दुखतंय म्हणाले. आबांनी मृदंगाची गवसणी बांधली, सगळ्यांच्या पाया पडले, माझ्याही पडले आणि गेले. ते माझ्या पाया पडले त्या वेळी मला जे झालं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, इथंही नाही सांगत.

दिवाळी पाडव्याला मोंढ्यात वह्या बदलतात. जुनी बाकी मिटवायची असते. दुकानदारानं सहा महिने वाट बघितली होती, तो संस्थेवर आला आणि महाराजांसमोर वही उघडून माझ्या नावावरची सगळी उधारी वाचून दाखवली, तारखेसकट, पोत्यासकट. महाराजांनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. मी म्हणालो, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून केलं. त्यांनी मला खूप बोललं, इतक्या वर्षांत कधी ऐकले नव्हते असे शब्द, आणि मला त्या वेळी राग आला, हो, राग, कारण मी मनात म्हणत होतो की तुम्हाला खरं ऐकायची सवय असती तर मी कशाला लपवलं असतं. तेही मी बोलून टाकलं. महाराज थरथरत होते. मी माळ काढली नाही पण संस्थेची पायरी सोडली ती अडीच वर्षं.

उधारी फेडली. साठ हजार मी दिले, शेतातला एक बैल विकला त्यात. बाकीचे महाराजांनी कीर्तनाच्या बिदागीतून दिले हे मला दुकानदाराकडून कळलं. सभामंडप झाला नाही, आजही पत्र्याचंच शेड आहे.

त्या अडीच वर्षांत मी बराच फिरलो, आडतीच्या कामानं आणि कामाशिवायही. नांदेडला गेलो की सचखंड गुरुद्वारात जाऊन बसायचो. तिथं एका सेवेकऱ्यानं मला सांगितलं की आपल्या नरसीच्या नामदेवांची 61 पदं त्यांच्या ग्रंथात आहेत, आणि गुरु गोविंदसिंगजींनी 1708 साली इथंच, नांदेडात, देह ठेवण्याआधी सांगितलं की आता यापुढं माणूस गुरु नाही, ग्रंथच गुरु. मी त्या दिवशी लंगरच्या पंगतीत बसून त्यावरच विचार करत होतो. ग्रंथापुढं तुम्ही कितीही डोकं टेका, कितीही गौरव करा, त्यातला एक अक्षर इकडचं तिकडं होत नाही. माणसाचं तसं नाही. माणूस गुरु असला की त्याला रोज सांभाळावं लागतं, आणि आपल्याला वाटतं सांभाळणं म्हणजे गोड बोलणं. आमच्या पंथात जिवंत गुरु लागतो, मला तो हवाच आहे, माझ्या वडिलांच्या दहाव्याला ग्रंथ चालत आला नव्हता, महाराज आले होते. पण मग त्या चालत्या-बोलत्या माणसाचं आम्ही काय केलं?

तेरलाही गेलो. धाराशिवकडं कामाला गेलो होतो, गोरोबाकाकांच्या दर्शनाला थांबलो. ती गोष्ट लहानपणापासून ऐकलेली, संतांचा मेळा बसला होता, मुक्ताईनं विचारलं काका हे थापटणं कशाचं, काका म्हणाले मडकं पक्कं का कच्चं ते बघायचं, मग एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत गेले आणि नामदेव चिडले म्हणून कच्चं ठरले. कीर्तनात या गोष्टीला लोक हसतात. मला त्या दिवशी मंदिरात बसल्यावर हसू आलं नाही. कारण नामदेव कोण, तर ज्याच्या हातचा नैवेद्य देव खातो असा माणूस, त्याला तोपर्यंत कुणी कच्चा म्हटलेलंच नव्हतं. तो रडत पंढरपूरला गेला तक्रार घेऊन आणि विठ्ठलानं त्याची बाजू घेतली नाही, औंढ्याला विसोबा खेचराकडं जा म्हणाला. देवानं तिथं जर म्हटलं असतं की अरे नाम्या तू तर माझा लाडका, त्यांच्याकडं लक्ष देऊ नकोस, तर नामदेव तिथंच संपला असता, पंजाबात गेला नसता, नांदेडच्या ग्रंथात आला नसता. आणि तो विसोबा तरी कोण, तर आधी ज्ञानदेवांच्या भावंडांना छळणारा माणूस, मुक्ताईला मांडे भाजायला मडकं मिळू न देणारा. त्याला स्वतःच्या चुकीची चव माहीत होती. म्हणून कदाचित त्याच्याकडं पाठवलं असेल, हे आपलं मला वाटतं.

मंदिरातून निघून गावातल्या संग्रहालयात गेलो, तेर म्हणजे जुनं तगर, सातवाहनांच्या काळातलं व्यापाराचं गाव. तिथं मातीच्या वस्तू ठेवल्यात. जवळजवळ दोन हजार वर्षांची माती, भाजलेली, अजून शाबूत. मी बराच वेळ काचेपुढं उभा होतो.

तिथून आल्यावर मी आधी महाराजांकडं गेलो नाही, आबांकडं गेलो. आबा जनावरांचं करत होते. मी म्हणालो, चुकलं. आबा म्हणाले, "हाव, चुकलं. चहा पितूस का?" त्यांनी मला माफ केलं असं म्हटलं नाही आणि नंतर कधी विषयही काढला नाही. पण त्यांनी एक सांगितलं जे माझ्या डोक्यात बसलं, म्हणाले की मी महाराजांची चूक सगळ्यांसमोर सांगायचो ना, ते पण बरोबर नव्हतं, त्यात माझा पण शहाणपणा दाखवायचा होता, एकट्यात सांगितलं असतं तर ऐकलं असतं त्यांनी. मला आबांचं हे बोलणं ऐकून धक्का बसला कारण मी मनात त्यांना एकदम साधू करून टाकलं होतं तोपर्यंत. म्हणजे एकाची खुशामत सोडली आणि दुसऱ्याची सुरू केली.

2019 ला आम्ही दोघं मिळून संस्थेवर गेलो. महाराज काही बोलले नाहीत, लेकरांना सांगितलं पाटावर ताटं वाढा. ती चमत्काराची गोष्ट त्यांनी पाडव्यापासून बंद केली होती, पण खोटी होती असंही कधी म्हणाले नव्हते, आणि मला ते खुपायचं, ज्या गावांत सांगितली तिथले लोक ती अजून खरी धरून होते. मी विचारायचं धाडस केलं नाही. कोरोनात महाराज पंधरा दिवस ऑक्सिजनवर होते. बरे झाले, बारीक झाले, आवाज पहिल्यासारखा राहिला नाही. 2022 ला सप्ते परत सुरू झाले तेव्हा सेलूच्या बाजूच्या एका गावात, जिथं ती गोष्ट सगळ्यात जास्त रंगवून सांगितली होती, तिथं उभं राहून ते म्हणाले, "मायबाप हो, सहा वर्षांमागं मी तुम्हाला एक गोष्ट सांगितली व्हती, ती खरी नव्हती. पंगत विठ्ठलानं पुरवली नाही, किराणावाल्यानं पुरवली. 1 लाख 84 हजार उधार व्हते. मी विचारलं न्हाई नीट, कारण मला तेच ऐकायचं व्हतं." माझं नाव घेतलं नाही.

मंडपात एकदम शांत. आणि मग पुढच्या रांगेतून आमच्यातलाच एक जण हात वर करून ओरडला, बघा, केवढी ही नम्रता, याला म्हणतात संत! आणि टाळ्या सुरू झाल्या, कडकडून. मी महाराजांकडं बघत होतो. त्यांनी टाळ हातानं दाबून धरले आणि एकदम मोठ्यानं म्हणाले, "नम्रता न्हाई रे बाबा, उधारी व्हती!"

लोक हसले. त्यांना वाटलं विनोद केला. पण मी सांगतो, ते विनवत होते, मी तो आवाज ओळखतो. इतकी वर्षं आम्ही त्यांच्याभोवती जे बांधलं होतं त्यातून ते बाहेर यायला बघत होते आणि आम्ही त्याच्याही टाळ्या वाजवत होतो. नाथबाबांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 ला, पैठणात ज्ञानेश्वरीची पोथी शुद्ध केली, नक्कल करणाऱ्यांच्या हातून शिरलेलं चुकीचं काढून टाकलं. मी मुनीम आहे, मला वाटतं देवगिरीच्या त्या पैची टाळी आणि हे काम एकाच माणसाचं आहे. चूक सापडल्यावर ज्याला आनंद होतो असा माणूस. माझ्या हातून उलटं झालं होतं, मी पोथीत चूक घातली आणि ती गावोगाव वाचली गेली.

आता सप्त्याचा हिशेब परत माझ्याकडं आहे. रोज संध्याकाळी हरिपाठ झाला की आबा माइकवर त्या दिवसाची जमा, खर्च आणि उधारी वाचतात. महाराज समोर बसलेले असतात. आकडा वाईट असला की आजही त्यांचा चेहरा उतरतो, मी बघतो, माझ्या पोटात कालवतं, आणि आबा पुढचा आकडा वाचतात. आमची भांडणं बंद झाली असं नाही, यंदाही वीणेच्या पहाऱ्यावरून दोघांत वाजलं.

एक काम राहिलं होतं ते मी या वर्षी केलं. खालच्या वस्तीत त्या आत्याच्या घरी गेलो. ती आता बरीच थकलीय, एका डोळ्यानं दिसत नाही. मी ओळख दिली, म्हणालो मीच तुम्हाला दंडाला धरून बाहेर काढलं होतं. ती म्हणाली, "ठाऊक हाय मला. त्या राती दोनला टँकर आला व्हता आमच्या गल्लीला. मी आठ घागरी भरल्या." तिला तेवढंच आठवत होतं, किंवा तेवढंच सांगायचं होतं. मी पाया पडलो, तीही वाकायला लागली, मी धरलं तिला. मग तिनं विचारलं, "तुमचे महाराज आले न्हाईत कव्हा इकडं?" मी म्हणालो नाही. "येऊ द्या म्हणावं," ती म्हणाली, "भाकर खाऊन जा म्हणावं."

महाराजांना मी सांगितलं, गाडीत, गंगाखेडकडं जाताना. ते खिडकीतून बाहेर बघत होते, गोदावरीच्या पुलापर्यंत एक शब्द बोलले नाहीत, मला वाटलं ऐकलंच नाही. पुलावर आल्यावर म्हणाले, "तिचं घर मारुतीच्या पारापासून कोणत्या गल्लीला हाय रे?"